झीज आणि बिघाड : ‘डे रे मेटालिका’च्या आठव्या खंडाचे एक वाचन

यंत्रविषयक ग्रंथाचे परीक्षण करताना त्यातील माहिती अचूक आहे किंवा नाही, आकृत्या स्पष्ट आहेत किंवा नाहीत, एवढेच पाहण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ही कसोटी आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. चालत्या यंत्राचे वर्णन कोणीही चौकस प्रेक्षक करू शकतो. ते यंत्र झिजू लागले, अडले, मोडले म्हणजे काय होते आणि ते पुन्हा चालते कसे करावयाचे, हे ज्ञान मात्र त्या यंत्रापाशी दीर्घ काळ वावरणाऱ्यालाच असते. म्हणून यंत्रविषयक लेखनाची आणखी एक कसोटी मानावयास हवी : त्या लेखनात यंत्राच्या अपयशाला कोणते स्थान दिले आहे? प्रस्तुत लेखात ही कसोटी खनिजप्रक्रियेवरील एका अभिजात ग्रंथास लावून पाहावयाची आहे, आणि तिच्या उजेडात आपल्या काळातील यंत्रनिगेच्या विचारातील एका गोंधळाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

गेऑर्गिउस ॲग्रिकोला याचा ‘डे रे मेटालिका’ हा लॅटिन ग्रंथ १५५६ साली बाझेल येथे प्रसिद्ध झाला. तो छापून बाहेर पडण्यापूर्वीच, नोव्हेंबर १५५५ मध्ये, ग्रंथकार निवर्तला होता. ॲग्रिकोला व्यवसायाने वैद्य. बोहेमियातील योआखिमस्थाल या खाणींच्या गावी त्याने काही वर्षे नगरवैद्य म्हणून काम केले आणि पुढे तो केमनिट्‌स येथे स्थायिक झाला. ग्रंथाचे खंड बारा. त्यांपैकी सहाव्यात खाणीतून माल व पाणी वर काढणाऱ्या यंत्रांचे वर्णन आहे आणि आठव्यात खनिज निवडणे, फोडणे, भाजणे, कुटणे, दळणे, चाळणे व धुणे या क्रियांचे. आज आपण ज्यास खनिजप्रक्रिया म्हणतो तिचे एवढे सविस्तर आणि सचित्र निरूपण त्यापूर्वी झालेले नव्हते. जे स्वतः पाहिले नाही किंवा विश्वासू माणसांकडून ऐकले नाही ते आपण लिहिलेले नाही, असे ग्रंथकार प्रस्तावनेत बजावतो. आणि केवळ शब्दांनी वर्णिलेली वस्तू समकालीनांस वा पुढील पिढ्यांस कळणार नाही या भीतीने आपण चित्रकार नेमले, असेही सांगतो.

आठव्या खंडाचा मध्यबिंदू म्हणजे खनिज कुटण्याचे यंत्र, इंग्रजीत ज्यास स्टॅम्प मिल म्हणतात ते. मराठी वाचकाला त्याची कल्पना चटकन येते, कारण त्याचे मूळ रूप आपल्या घरोघरी होते : खाली उखळ आणि वर मुसळ. फरक एवढाच की येथे मुसळे तीन-चार, एका रांगेत उभी, आणि पाणचक्कीच्या आसावर बसविलेले दाते त्यांना आळीपाळीने उचलून सोडून देतात. मुसळ म्हणजे नऊ फूट लांबीचे व अर्धा फूट जाडीचे चौकोनी लाकूड. त्याच्या खालच्या टोकास लोखंडी डोके. उखळ ओकच्या ओंडक्यावर बसविलेले, आणि त्याच्या तळाशी जाड लोखंडी पत्रा.

ॲग्रिकोला हे सारे मोजमापांसह सांगतो, आणि वरवर पाहता ती मापे कंटाळवाणी वाटतात. पण वाचताना आपण स्वतःस एक प्रश्न विचारावा : हा प्रत्येक भाग येथे का आहे? मग त्या कोरड्या मजकुराचे स्वरूपच पालटते. लोखंडी डोके मुसळात नुसते ठोकून बसविलेले नाही. दोहोंना आरपार भोक पाडून त्यातून रुंद लोखंडी पाचर घातली आहे. डोके गळून पडू नये म्हणून ही पाचर, असे ग्रंथकार म्हणतो. पण पाचर ठोकून काढताही येते, म्हणजेच डोके बदलता येते. डोक्याभोवती एक बोट जाडीचे चौकोनी लोखंडी कडे आहे. खनिजाच्या तुकड्यांचे अखंड आघात होऊन डोके फुटू नये यासाठी ते घातले आहे. म्हणजे आघात कड्याने सोसावयाचे आणि डोके वाचवावयाचे. उखळाच्या तळचा पत्राही दोन्ही टोकांस पाचरी मारून आणि खिळ्यांनी जखडून बसविला आहे, ओंडक्याशी एकजीव केलेला नाही. मुसळाच्या पाठीमागे, दाता जेथे उचल देतो तेथे, खुंटीच्या खालच्या बाजूस वंगण चोपडावे, असे तो सांगतो. आणि ओकचा अखंड ओंडका न मिळाल्यास दोन लाकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडून काम भागवावे, अशीही पुस्ती जोडतो.

यंत्र कसे मोडते यावर येथे एकही वाक्य नाही, आणि तरीही संपूर्ण वर्णन मोडण्याच्या जाणिवेने भरलेले आहे. पाचर, कडे, पत्रा व वंगण या चारही गोष्टी यंत्राच्या कार्यासाठी लागत नाहीत. त्या लागतात यंत्राच्या टिकाऊपणासाठी. दगड कुटण्यास मुसळ पुरेसे आहे. उद्याही दगड कुटता यावा म्हणून पाचर हवी. ग्रंथातील काष्ठचित्रेही हेच सांगतात. त्यांत चालत्या यंत्राच्या शेजारी त्याचे सुटे भाग जमिनीवर मांडून ठेवलेले वारंवार दिसतात आणि अक्षरांनी त्यांचा निर्देश केलेला असतो. वाचकास रचना समजावी हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु सुटे मांडता येईल असे यंत्र म्हणजेच सुटे करता येईल असे यंत्र, हा अर्थही त्या चित्रांत आपोआप उतरला आहे.

ही रचना कारागिरांच्या अनुभवातून घडली होती याचा एक पुरावा ग्रंथातच आहे. १५१२ साली सॅक्सनीचा ड्यूक गेऑर्ग याने माइसेन प्रांतातील खाणींबाहेर टाकलेल्या मालाच्या ढिगाऱ्यांवरील अधिकार सिगिस्मुंड माल्टिट्‌स यास दिला. त्याने कोरडी मुसळे, मोठी चाळण आणि दगडी जाती टाकून देऊन पाण्याखाली खनिज कुटणारे यंत्र योजिले, असे ॲग्रिकोला नमूद करतो. ही ओली मुसळे पुढे शतकानुशतके टिकली. आपल्या देशात कोलारच्या सुवर्णखाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कुळातील पोलादी मुसळांखाली सोन्याचा दगड कुटला जात होता. आणि त्या यंत्रातही मुसळाची टाच व उखळाचा ठोकळा हे दोन्ही झिजवून फेकून देण्यासाठीच घडविलेले, वेगळे काढता येणारे भाग असत. साडेतीनशे वर्षांत लाकडाचे पोलाद झाले, पाणचक्कीची जागा वाफेने घेतली, पण पाचरीमागील विचार पालटला नाही.

या विचारास मराठीत अचूक शब्द आहेत. आपण ‘झीज’ म्हणतो आणि ‘बिघाड’ म्हणतो. दोहोंचा अर्थ एक नाही. झीज ही कामाचीच दुसरी बाजू होय : जेवढे काम तेवढी झीज. ती अपेक्षित असते, मोजता येते, आणि तिचा खर्च आधीच धरता येतो. बिघाड हा कामाच्या आड येतो. तो केव्हा येईल ते सांगता येत नाही. घरच्या जात्याचा दाखला घ्यावा. दळता दळता जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात आणि पीठ भरड येऊ लागते; मग जात्याला टाकी लावून घ्यावयाची. ही झीज. तिची वेळ पंचांग पाहून ठरत नसे, पीठ बोटांनी चाचपून ठरत असे. उलट, दळता दळता खुंटा मोडला तर तो बिघाड. त्यासाठी पीठ चाचपून उपयोग नाही, दुसरा खुंटा घरात असला पाहिजे. झिजेला निगा लागते, बिघाडाला तयारी लागते. ॲग्रिकोलाच्या मुसळयंत्रात कडे व पत्रा ही झिजेची सोय आहे, आणि पाचर ही झीज व बिघाड या दोहोंची. हा भेद त्याने शब्दांत मांडलेला नाही; त्याने वर्णिलेल्या कारागिरांनी तो लाकडात व लोखंडात मांडला होता.

येथेच ग्रंथाची उणीवही दाखविली पाहिजे, कारण केवळ गौरव म्हणजे समीक्षा नव्हे. सहाव्या खंडाच्या अखेरीस ॲग्रिकोला खाणकामगारांच्या व्याधी व अपघात यांचा परामर्श घेतो. कोरड्या खाणीतील धूळ फुप्फुसे खाऊन टाकते असे तो सांगतो, आणि कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात सात-सात नवरे या क्षयाने गमावलेल्या स्त्रिया आढळतात, ही हृदय हेलावणारी नोंद करतो. तोंडावर सैल पडदे बांधावेत असा उपायही सुचवितो. माणसाच्या व्याधींचे हे प्रकरण वैद्याने लिहिले आहे, आणि ते लक्षण, कारण व उपाय या क्रमाने चालते. यंत्राच्या व्याधींचे असे प्रकरण मात्र तो लिहीत नाही. मुसळाचे डोके किती दिवस टिकते, ते कोण बदलतो, बदलेपर्यंत धुण्याच्या कुंडांवरील माणसे काय करतात, याचा हिशेब मुसळयंत्राच्या वर्णनात नाही. त्याच्या यंत्राला आकार आहे, वय नाही. ज्याने माणसाचे झिजणे इतक्या बारकाईने पाहिले, त्याने यंत्राच्या झिजण्यावरही त्याच पद्धतीने लिहिले असते, तर यंत्रनिगेच्या शास्त्राचा आरंभ चार शतके आधी झाला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्राला वय मिळाले ते विसाव्या शतकात, आणि प्रथम हिशेबाच्या वहीत. टॅगर्ट यांच्या १९४५ च्या खनिजप्रक्रियाविषयक हस्तग्रंथात दर टन खनिजामागे किती पौंड पोलाद खर्ची पडते, याचे आकडे दिलेले आढळतात. बॉल मिलमधील गोळे आणि आतील अस्तर, म्हणजे लायनर, येथे यंत्राचा भाग राहिलेले नाहीत; ती वापरून संपविण्याची सामग्री झाली आहे. झिजेला शास्त्रात मिळालेले हे पहिले मानाचे स्थान होय. पण बिघाडाचे काय?

बिघाडाचा विचार खनिजशाळेत नव्हे, विमानांच्या तळांवर झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी तपासताना जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांचे सहकारी यांना असे दिसले की, दर पन्नास उड्डाणतासांनी होणाऱ्या नियमित तपासणीनंतर बिघाड कमी होत नाहीत. उलट तपासणीनंतरच्या पहिल्या तासांत ते वाढतात आणि मग हळूहळू ओसरतात. चांगले चाललेले यंत्र उघडणे हेच बिघाडाचे एक कारण ठरत होते. वॉडिंग्टन यांचा हा वृत्तान्त १९७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७८ साली नोलन आणि हीप यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावर आधारलेला अहवाल अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिला. विमानांच्या घटकांपैकी अवघ्या ११ टक्के घटकांत वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढत जाते. उरलेल्या ८९ टक्क्यांत असा झिजण्याचा टप्पा दिसत नाही, आणि म्हणून ठरावीक मुदतीने भाग बदलण्याने त्यांच्या बाबतीत काही साधत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. यंत्रनिगेच्या विचारातील ही खरी क्रांती होय, हे मान्य केले पाहिजे.

परंतु क्रांतीचे वाक्य घोषणा झाले म्हणजे त्याचा संदर्भ गळून पडतो. नोलन-हीप यांचे हे टक्के आज कारखान्यांच्या यंत्रनिगेवरील पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून जणू सर्व यंत्रांना लागू असलेला निसर्गनियम म्हणून सांगितले जातात. त्यांचे मूळ विमानाच्या घटकांत आहे, आणि विमान हवेतून जाते. खनिजशाळेतील यंत्रातून दगड जातो. मूळ लेखकांनी स्वतःच स्पष्ट केले होते की साध्या रचनेच्या, झीज व धातूचा थकवा सोसणाऱ्या भागांत वयाचा परिणाम दिसतोच. विमानाचे टायर हे त्यांपैकीच एक उदाहरण. खनिजशाळेचा विचार करता असे म्हणावे लागते की, तेथे टायरांसारखे भागच बहुसंख्य आहेत. जबड्याच्या क्रशरच्या पट्ट्या, मिलचे लायनर, स्लरी पंपाचे पाते व कवच, चाळणीच्या जाळ्या, सायक्लोनचे खालचे तोंड म्हणजे स्पिगॉट, पाइपांची वळणे : हे सर्व दगडाशी अंग घासत जगतात. त्यांचे वय वर्षांत नव्हे, दळलेल्या टनांत मोजावयाचे असते, आणि ते बरेचसे आधी सांगता येते. याच शाळेतील बेअरिंगे, गिअरपेट्या, विजेची उपकरणे आणि नियंत्रणयंत्रणा मात्र बऱ्याच अंशी विमानाच्या घटकांप्रमाणे वागतात. एकाच छपराखाली दोन न्याय नांदत असताना एकाच टक्केवारीने दोहोंचा निवाडा करणे अशास्त्रीय होय. कोणी सर्व यंत्रे ठरावीक तारखेस उघडतो, कोणी कोणतेच उघडत नाही. दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही झीज आणि बिघाड यांतील भेद पुसून टाकलेला असतो.

या भेदास खनिजशाळेत आणखी एक पदर आहे, आणि तो विमानविषयक साहित्यात शोधूनही त्याच स्वरूपात सापडणार नाही. येथे यंत्र न थांबताही निकामी होऊ शकते. स्पिगॉट झिजून रुंद झाला म्हणजे सायक्लोन चालूच असतो, पंपाचा आवाज तोच, नियंत्रणकक्षातील दिवा हिरवाच. पण खालच्या तोंडातून पाणी व बारीक माल अधिक जाऊ लागतो, दळलेलाच माल पुन्हा मिलमध्ये येतो, नव्या मालाला जागा कमी पडते, आणि पुढील प्लवनकुंडांत प्रतवारी बिघडते. चाळणीला पडलेल्या एका भोकाची कथा हीच. यंत्राच्या दृष्टीने सर्व ठीक, मालाच्या दृष्टीने सर्व बिघडलेले. जात्यावरील बाईला हे ठाऊक होते. ती जात्याकडे नव्हे, पिठाकडे पाहत असे. म्हणून खनिजशाळेत यंत्रनिगेची पहिली वही प्रयोगशाळेतील चाळणीच्या नोंदींची असली पाहिजे, कार्यशाळेतील पान्यांची नव्हे.

याउलट, यंत्र थांबविणे हीही येथे निरुपद्रवी क्रिया नाही. विमान तळावर उभे राहिले तर त्याच्या अंगात काही साचत नाही. स्लरीचा प्रवाह थांबला की दगडाची भुकटी तळाशी बसते. पाइप तुंबतात, निवळणटाकीतील दाते गाळात रुततात. मिल फार काळ बंद राहिली तर आतील गोळे व माल एकजीव होऊन चिकटून बसतात, आणि बेसावधपणे मिल पुन्हा फिरविल्यास तो सर्व भार वर उचलला जाऊन एकदम कोसळतो व मिलच्या कवचास इजा करतो. शिवाय मिल उघडावयाची म्हणजे माणसे तिच्या पोटात उतरवावयाची. लायनर बदलणे हे खनिजशाळेतील जोखमीच्या कामांपैकी एक आहे. वॉडिंग्टन यांनी दाखविलेला अनावश्यक तपासणीचा दोष म्हणूनच येथे दुप्पट भारी पडतो : विनाकारण उघडलेली मिल नवा बिघाड तर आणतेच, पण माणसालाही विनाकारण धोक्याच्या जागी नेते. आणि जी मिल उघडावयास हवी होती ती न उघडल्यास तेच काम पुढे रात्री-अपरात्री, घाईने, थकलेल्या हातांनी करावे लागते. झीज आणि बिघाड यांतील भेद म्हणजे केवळ शब्दांची चर्चा नव्हे, ते येथे कळते. कोणाला, केव्हा आणि कशासाठी आत पाठवावयाचे, हे त्या भेदावरून ठरते.

आता भाषेचा प्रश्न. ॲग्रिकोलासमोर तो उभा होता. त्याच्या प्रदेशातील कारागीर जर्मन बोलत. विद्वानांची भाषा लॅटिन, आणि लॅटिनमध्ये या यंत्रांना नावेच नव्हती. त्याने ती घडविली, आणि १५४६ साली लॅटिन संज्ञांचे जर्मन अर्थ देणारी सूचीही प्रसिद्ध केली. तरीही १५५७ साली फिलिप बेख या प्राध्यापकाने केलेले जर्मन भाषांतर विषयाच्या अज्ञानामुळे निकृष्ट ठरले. कारागिराच्या तोंडची भाषा विद्वानाच्या लॅटिनमध्ये गेली, आणि तेथून परत आपल्या घरी येताना वाट चुकली. १९१२ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर यशस्वी झाले, कारण हर्बर्ट हूवर स्वतः खाणशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हूवर या भूशास्त्राच्या पदवीधर होत्या. शब्दाखाली वस्तू दिसल्याखेरीज त्यांनी शब्द उचलला नाही. त्यांच्या टीपा हे त्याचेच साक्षी होत.

मराठीची स्थिती फार निराळी नाही. नागपूर-भंडारा भागातील मँगनीजच्या खाणींत काय, गोव्याच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात काय, काम करणाऱ्यांपैकी अनेकांची बोली मराठी वा तिच्या शेजारची कोंकणी आहे. अहवालाची भाषा मात्र इंग्रजी. पुस्तकी मराठीत ‘परिरक्षण’ हा शब्द रूढ करण्यात आला. शब्द शुद्ध आहे, भारदस्त आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यात निगा, डागडुजी, दुरुस्ती आणि बदली हे चारही निराळे व्यवहार विरघळून जातात. वंगण घालणे ही निगा. पाइपच्या चिरेवर पट्टी मारणे ही डागडुजी. पंप उघडून नीट करणे ही दुरुस्ती. झिजलेला लायनर काढून नवा बसविणे ही बदली. चौघांचे कारण वेगळे, वेळ वेगळी, खर्चाचे खातेही वेगळे. नवीन पारिभाषिक शब्द घडविण्यास विरोध करण्याचा येथे हेतू नाही. परंतु नवा शब्द जुने भेद झाकून टाकू लागला, तर तो ज्ञानात भर घालीत नाही. असलेले ज्ञान कमी करतो.

‘डे रे मेटालिका’चा आठवा खंड आज केवळ इतिहास म्हणून वाचला जातो. त्यातील मुसळे बंद पडून कैक वर्षे लोटली, आणि त्यावरून कोणी आज खनिजशाळा उभारणार नाही. परंतु यंत्राचे वर्णन करताना त्याच्या पाचरीचे व कड्याचेही वर्णन करावे, हा त्याचा पाठ जुना झालेला नाही. खनिजशाळेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रत्येक प्रवाहचित्रापुढे दोन रकाने जोडावेत : या जागी काय झिजते व ते किती टनांत, आणि येथे काय बिघडू शकते व बिघडल्यास मालाचे काय होते. ॲग्रिकोलाच्या ग्रंथात हे दोन रकाने कोरे राहिले. ते भरण्यास लागणारी सामग्री आता आपल्यापाशी आहे, आणि त्यांना द्यावयाची नावे तर आपल्या भाषेत जात्याइतकीच जुनी आहेत.